घोडा लागला, पैसे नाही लागले: बेटचे प्रकार कसे समजून घ्यायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फेव्हरिटवर (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले असतात तो घोडा) प्लेस, म्हणजे घोडा पहिल्या दोन-तिनांत येईल ही बेट, लावली, घोडा दुसरा आला आणि दहाचे जेमतेम बारा हातात पडले. त्याच रेसमध्ये मित्राने तिसऱ्या आलेल्या घोड्यावर तीच प्लेस लावून सव्वीस घेतले. हे कसं? शिवाय इच-वे, क्विनेला, ट्रायफेक्टा, पिक सिक्स ही नावं ऐकून डोकं गरगरतंय, आणि घोडा ऐनवेळी बाहेर काढला तर पैशांचं काय होतं तेही विचारलंय.

नावं पाठ करू नका. एकाच बेटला तीन ठिकाणी तीन नावं असतात, कुठवर पुरे पडणार? तिकीट हातात घेताना दोनच गोष्टी विचारायच्या. हे पैसे मला देणार कोण? आणि या रेसबद्दल माझं जे मत आहे, तेच या तिकिटावर लिहिलंय का?

पहिल्यापासून सुरू करतो. पैसे देणारे मुख्यतः दोन. बुकी तुम्हाला भाव देतो, तुम्ही तो घेतलात की सौदा पक्का. नंतर भाव वाढो वा पडो, तुमचे पैसे ठरलेले. दुसरा म्हणजे टोट, अर्थात पूल. इथे सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जातात, आयोजक आपली कपात आधी काढून घेतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. ही कल्पना जोसेफ ओलेर यांनी १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये आणली. तिचा हिशोब ठेवणारं जॉर्ज ज्युलियस यांचं अवाढव्य यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसलं. पूलमध्ये बोर्डावर दिसणारा भाव हा अंदाज असतो. गेट उघडून पूल बंद होईपर्यंत तो हलत राहतो. नवीन माणूस इथेच चिडतो: 'मी लावला तेव्हा आठ होता, मिळाले पाचच!' आठ कोणी कबूलच केला नव्हता.

दोन्हींत फरक किती पडू शकतो? १९६७ ची ग्रँड नॅशनल, इंग्लंडमधली अडथळ्यांची रेस, बघा. तेविसाव्या अडथळ्यापाशी पुढचे घोडे एकमेकांत अडकले, गोंधळ उडाला आणि मागून येणारा फॉइनाव्हॉन त्यातून वाट काढून एकटाच निसटला. बुकींचा भाव १००/१, म्हणजे एकावर शंभर नफा. टोटवर मात्र एकाला ४४४ पट मिळाले, कारण त्याच्यावर पैसे लावणारं जवळपास कोणी नव्हतंच.

आता तुमची प्लेस. विनचं (घोडा पहिलाच येईल ही बेट) गणित सोपं आहे. पूलमध्ये १ लाख आले, २० टक्के कपात गेली, राहिले ८० हजार. जिंकलेल्या घोड्यावर ४० हजार असतील तर दहाचे वीस, ५ हजार असतील तर दहाचे एकशेसाठ. प्लेसमध्ये मात्र तीन घोडे त्याच भांड्यात हात घालतात. समजा प्लेस पूल ६० हजारांचा आहे. कपात जाऊन राहिले ४८ हजार. लागलेल्या तीन घोड्यांवर २४ हजार (तुमचा फेव्हरिट), ६ हजार आणि ३ हजार (मित्राचा) असे पैसे होते, म्हणजे एकूण ३३ हजार. अनेक ठिकाणी ही मुद्दल आधी बाजूला काढतात. उरतात १५ हजार, त्यांचे तीन सारखे भाग करायचे, प्रत्येकी ५ हजार. तुमच्या घोड्याचे ५ हजार २४ हजारांवर पसरले: दहावर दोन आणि काही चिल्लर. ती चिल्लर बहुतेक ठिकाणी छाटली जाते. आले बारा. मित्राच्या घोड्याचे तेच ५ हजार फक्त ३ हजारांवर पडले, म्हणून सव्वीसच्या आसपास.

आता यातली खरी गंमत बघा. तुमचा फेव्हरिट चौथा आला असता आणि त्याच्या जागी फक्त २ हजार लागलेला कोणी घुसला असता, तर लागलेल्यांची मुद्दल ११ हजार, वाटायला ३७ हजार, आणि मित्राच्या दहाचे थेट एक्कावन्न झाले असते. घोडा तोच, नंबर तोच, तिकीट तेच. म्हणजे प्लेस लावताना आपला घोडा येणं ही अर्धीच गोष्ट. बरोबर कोण येतंय यावर बाकीचं अर्धं ठरतं. (काही ठिकाणी मुद्दल बाजूला न काढता ४८ हजारांचेच सरळ तीन भाग करतात, मग आकडे वेगळे येतात. आपल्या रेसकोर्सचं नियमपुस्तक एकदा वाचा, कोणी वाचत नाही.) म्हणून फेव्हरिटवर प्लेस लावणं मला कधीच पटलं नाही. सुरक्षित वाटतं खरं, पण धोका विनपेक्षा थोडा कमी आणि मोबदला नावापुरता.

याला एक झकास अपवाद इतिहासात आहे. १९७३ ची बेलमाँट स्टेक्स ही अमेरिकेतली रेस, घोडे पाचच, आणि सेक्रेटेरियट ३१ घोडालांबींनी जिंकला. विनवर २ डॉलरचे २.२० मिळाले आणि प्लेसवर २.४०! अमेरिकेत प्लेस म्हणजे पहिल्या दोनांत, आणि तिसऱ्यापर्यंतच्या बेटला तिथे शो म्हणतात; बाकी बऱ्याच ठिकाणी प्लेस म्हणजे पहिल्या तिनांत. त्या दिवशी विनवर लोक इतके तुटून पडले होते की सोपी बेट जास्त देऊन गेली. त्यातली ५,६१७ जिंकलेली तिकिटं तर कोणी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून जपून ठेवली.

इच-वे ही बुकीकडची बेट, आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत हिच्यात होते. इच-वे म्हणजे दोन बेट: अर्धे पैसे विनवर, अर्धे प्लेसवर. 'दहा इच-वे' म्हटलंत की खिशातून वीस गेले. प्लेसच्या भागाला पूर्ण भाव मिळत नाही, त्याचा हिस्सा मिळतो. ब्रिटिश पद्धतीत साधारणपणे ५ ते ७ घोडे असतील तर पहिले दोन आणि भावाचा चौथा हिस्सा. ८ किंवा जास्त असतील तर पहिले तीन आणि पाचवा हिस्सा. १६ आणि वरच्या हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधलेली रेस) पहिले चार आणि चौथा हिस्सा. भाव १०/१, हिस्सा पाचवा, घोडा तिसरा आला: विनचे दहा बुडाले, प्लेसचे दहा आणि वर वीस असे तीस परत. विसाचे तीस, चांगलं आहे. आता तोच प्रकार ४/१ च्या घोड्यावर करा: परत येतात अठरा. घोडा लागला, टाळ्या वाजवल्या, आणि दोन गमावले! पाचव्या हिश्शाला ५/१ च्या खालचा घोडा इच-वे लावू नये, इतकं लक्षात ठेवलंत तरी पुरे. आणखी एक: आठ घोड्यांची रेस बघून इच-वे लावली आणि सकाळी एक घोडा बाहेर काढला, तर बऱ्याच ठिकाणी तिसरी जागाच गेली. आठचा आकडा दिसला की मी शेवटपर्यंत थांबतो.

आता एका रेसमधल्या 'क्रमाच्या' बेट. पहिले दोन, क्रम कसाही, ही क्विनेला. पहिले दोन क्रमाने म्हणजे एक्झॅक्टा. कुठे परफेक्टा, कुठे स्ट्रेट फोरकास्ट. पहिले तीन क्रमाने म्हणजे ट्रायफेक्टा किंवा ट्रायकास्ट, जुन्या माणसांच्या तोंडी टानाला. पहिले चार म्हणजे सुपरफेक्टा. दहा घोडे धरा: विनची उत्तरं १०, क्विनेलाची ४५, एक्झॅक्टाची ९०, ट्रायफेक्टाची ७२०, सुपरफेक्टाची ५,०४०. डिव्हिडंड (पूलमधून मिळणारा मोबदला) मोठा का असतो ते यावरून कळेल, आणि तो बहुतेक दुसऱ्याच्याच खिशात का जातो तेही.

यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे बॉक्स. चार घोडे निवडायचे आणि त्यांचे सगळे क्रम घ्यायचे: ट्रायफेक्टाला २४ तिकिटं. पाच घेतले तर ६०. सुरुवातीच्या दिवसांत मीही हेच करायचो. एकदा चार घोड्यांचा बॉक्स तंतोतंत लागला, पहिला, दुसरा, तिसरा तिन्ही माझे. उड्या मारत खिडकीवर गेलो. फेव्हरिट, दुसरा फेव्हरिट, तिसरा फेव्हरिट असे ओळीने आले होते. २४ तिकिटांचे पैसे घातले होते, १९ तिकिटांइतके परत मिळाले. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं की ते अजून आठवतं.

चूक नशिबाची नव्हती, तिकिटाची होती. फेव्हरिट जिंकेल असं मला ठाम वाटत होतं, तरी तो दुसरा-तिसरा येण्याचीही १२ तिकिटं मी घेतली होती, आणि तो तिनांत नसण्याची आणखी ६. माझं मत एक, तिकीट भलतंच. मत तेच असेल तर त्याला पहिल्या जागी पक्कं करायचं, ज्याला बँकर किंवा की म्हणतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी बाकीचे तीन ठेवायचे: ३ गुणिले २, सहा तिकिटं. वाचलेल्या पैशांत त्याच सहा तिकिटांवर चौपट लावा, नाहीतर खिशात ठेवा. बॉक्स घ्यावा तो फक्त 'हे चौघे एकसारखे आहेत, क्रम सांगता येत नाही' असं मनापासून वाटत असेल तेव्हाच. असं फार क्वचित वाटतं.

यात कपातही धरा. अमेरिकेत विन-प्लेस-शोच्या पूलमधून ढोबळमानाने १५ ते १८ टक्के जातात, ट्रायफेक्टासारख्यांतून २० ते २५. बेट जितकी चमचमीत तितकी कपात जास्त. पण अनेक रेसच्या बेटमध्ये हेच गणित कधीकधी तुमच्या बाजूने फिरतं. सलग दोन रेसचे विजेते सांगायची डेली डबल घ्या. तुम्ही पहिल्या रेसचे जिंकलेले सगळे पैसे दुसऱ्या रेसवर विनला लावलेत, तर १६ टक्क्यांची कपात दोनदा बसते: शंभराचे ८४, त्याचे साधारण ७०.५. डबलच्या पूलची कपात २० टक्के असली तरी एकदाच बसते, राहतात ८०. त्यामुळे दोन रेसमध्ये खरंच ठाम मत असेल तर डबल मला आवडते.

पिक थ्री, पिक फोर, पिक सिक्स, जॉकपॉट ही त्याच कुळातली भावंडं. प्रत्येक रेसमधले घोडे एकमेकांशी गुणायचे: १, २, ३ आणि २ घोडे म्हणजे १२ तिकिटं. तिकिटाची रचना माणसाबद्दल किती बोलते याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या २००२ च्या ब्रीडर्स कपची पिक सिक्स, म्हणजे सहा रेसचे विजेते सांगायचे. आर्लिंग्टनला शेवटची रेस ४३/१ च्या व्होल्पोनीने मारली आणि सहाच्या सहा लागलेली तिकिटं निघाली फक्त सहा, सगळी एकाच खात्यावरची, त्याच खात्यावरची पाच लागलेली तिकिटं धरून एकूण किंमत ३० लाख डॉलरच्या वर. पहिल्या चार रेसमध्ये एकेकच घोडा, आणि शेवटच्या दोन रेसमध्ये सगळेच्या सगळे, आठ आणि बारा. ९६ जोड्या, प्रत्येकी १२ डॉलर, १,१५२ डॉलर. असं कोण लावतं? चार रेसमध्ये इतका आत्मविश्वास असलेल्या माणसाचं पाचव्या-सहाव्यात काहीच मत नाही? आणि २ डॉलरचं तिकीट सहापट घेण्यापेक्षा त्याच पैशांत आधीच्या रेसमध्ये आणखी घोडे का घेतले नाहीत? लोकांनी बोट ठेवलं, तपास झाला. टोट यंत्रणेच्या कंपनीतल्याच माणसाने चार रेस झाल्यावर तिकीट बदललं होतं. तो आणि त्याचे कॉलेजपासूनचे दोन मित्र यात होते, तिघांना शिक्षा झाली.

बुकीकडचं ॲक्युम्युलेटर, म्हणजे अनेक रेसची मिळून एकच बेट, यापेक्षा वेगळं. तिथे पूल नाही, भाव एकमेकांशी गुणले जातात, आणि बुकीचा नफाही गुणला जातो. २८ सप्टेंबर १९९६ ला अ‍ॅस्कॉटला जॉकी फ्रँकी डेट्टोरी सातही रेस जिंकले, सातांचा गुणाकार २५,०००/१ च्या वर गेला, आणि कित्येक बुकी त्या दिवशी रडले. पण असे दिवस म्हणजे बुकींची जाहिरातच. यँकी, पेटंट, लकी फिफ्टीन ही ॲक्युम्युलेटरचीच गाठोडी आहेत. यँकी म्हणजे चार घोड्यांच्या ११ बेट, लकी फिफ्टीनमध्ये चार सिंगल वर. नावात बेटचा आकडा नसेल तर पैसे देण्याआधी मोजून घ्या.

एक्सचेंजबद्दल (जिथे बुकीऐवजी लोक आपसातच बेट लावतात) एवढंच: तिथे घोडा 'लागणार नाही' यावरही पैसे लावता येतात, त्याला ले करणं म्हणतात. सहाच्या भावाला (इथे भावात मुद्दलही धरतात) दहा ले केलेत तर मिळणार दहा आणि जाणार पन्नास. दुसरा आकडा आधी बघा.

राहिला बाहेर काढलेला घोडा. पूलमध्ये विन-प्लेस असेल तर पैसे परत मिळतात. पिक सिक्ससारख्या बेटमध्ये बहुधा तुमचं तिकीट त्या रेसच्या फेव्हरिटवर सरकवलं जातं, तुम्हाला तो घोडा नकोसा असला तरी. बुकीकडे रेसच्या दिवशीची साधी बेट परत मिळते. पण निघालेला घोडा कमी भावाचा असेल तर राहिलेल्या घोड्यांवर आधी घेतलेल्या भावातून कपात होते. ब्रिटनमध्ये तिला रूल फोर म्हणतात. महिनाभर आधी चढ्या भावाने लावलेली अँटी-पोस्ट बेट मात्र घोडा धावला नाही तर सरळ बुडते, तो चढा भाव त्याचीच किंमत असते. आणि दोन घोडे डेड हीट झाले, म्हणजे एकाच वेळी पोचले, तर बुकी तुमची अर्धीच रक्कम पूर्ण भावाने धरतो: ४/१ ला दहा लावले असतील तर पाचाचे पंचवीस, बाकीचे पाच गेले.