एस्किमो म्हणायचं की इनुइट?

प्रश्न: पोराच्या जुन्या पुस्तकात एस्किमो आहे, मोबाईलवर इनुइट दिसतं. त्याला काय सांगू? – एक वाचक, शहादा

उत्तर: ताई, कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या या मूळ रहिवाशांना इनुइटच म्हणायचं, तिथल्या १९८२ च्या राज्यघटनेतही हेच नाव आहे, एस्किमो हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं आणि ते बऱ्याच जणांना मनाला लागतं. पण अमेरिकेच्या अलास्कातले युपिक लोक वेगळे हां, त्यांना सरसकट इनुइट म्हटलं की परत तीच गत. आणि लांब कशाला जायचं, आपल्या धडगावकडचे पावरा घ्या, अनुसूचित जमातींच्या यादीत ते भिल्लांच्याच नोंदीत, सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात गेलं की त्यांनाच बारेला म्हणतात, आणि बाजारात तर कुणीही सगळ्यांना सरळ ‘भिल्ल’ म्हणून मोकळं होतं, हे मला अजिबात पटत नाही. पोराच्या वर्गात पावरा, मावची पोरं असतीलच, त्यांना काय म्हणायचं ते त्यांनाच विचारू दे.