घरकामगार, गृहाधारित आणि 'पीसवर'

प्रश्न असा आला आहे: 'निर्यात घटल्याने घरकामगार महिला अडचणीत' असं शीर्षक वाचलं. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा निर्यातीशी संबंध काय? आणि 'पीसवर काम' म्हणजेच 'उक्तं काम' का?

शीर्षक फसलंय. आपल्याकडे 'घरकामगार' म्हटलं की दुसऱ्याच्या घरी केर-लादी, भांडी, पोळ्या करणारी बाई डोळ्यांपुढे येते. सरकारदरबारी तीच 'घरेलू कामगार'. राज्याचा २००८चा कल्याण मंडळाचा कायदा याच नावाचा आहे. ('घरेलू' मला अजून हिंदीच वाटतो, पण कायद्यात शिरलेला शब्द सहसा बाहेर पडत नाही.)

बातमीतली बाई वेगळी. ती स्वतःच्याच खोलीत बसून दुसऱ्याचा माल तयार करते. २००८च्याच केंद्राच्या असंघटित कामगार कायद्यात तिची व्याख्या स्वतंत्र होती, आणि २०२५मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: मालकाच्या जागेत न जाता, आपल्या घरी मोबदल्यावर काम करणारी, सामान कोणी का पुरवेना. तिच्यासाठी शब्द आहे 'गृहाधारित कामगार'. बोजड खरा, पण घोटाळा होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही या दोघींसाठी दोन वेगळे करार केले, गृहाधारितांसाठी १९९६ आणि घरेलूंसाठी २०११ साली. भारताने दोन्हींना मान्यता दिलेली नाही.

मालाडकडे इमिटेशनच्या दागिन्यांवर खडे चिकटवणारी किंवा धारावीत शर्टांचे धागे कापणारी बाई मात्र स्वतःला गृहाधारित वगैरे म्हणणार नाही. ती म्हणेल, 'घरी माल आणते', 'पीसवर करते', नाहीतर 'डझनावर', 'ग्रोसवर'. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४ नग. एखादा खडा निसटला, तर तो पीस परत येतो आणि पुन्हा चिकटवायची मजुरी मिळत नाही. दिव्याचं बिलही तिचंच.

निर्यातीचा संबंध इथे लागतो. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५पासून बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा कपडे आणि दागिने दोन्ही त्यात सापडले. ऑर्डर निर्यातदाराकडून कारखानदाराकडे, तिथून ठेकेदाराकडे, मग हिच्या खोलीत येते. वर आखडली की खाली ऐकू येतं एवढंच: 'सध्या माल नाही.' पूर्वी कापडगिरणीच्या रिळिंग-वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यातल्या बाया 'मला कमी केलं' म्हणायच्या. त्यात कमी करणारा कोणीतरी असायचा. मस्टरवर नाव होतं, युनियनकडे जाता यायचं. 'माल नाही' या वाक्यात मालकच नाही. भांडायचं कोणाशी?

आता 'उक्तं'. ते आणि पीस एक नव्हे. उक्त्यात अख्ख्या कामाचा आकडा आधी ठरतो. घराचा रंग आपण उक्ता देतो. पीसमध्ये फक्त एका नगाचा भाव ठरतो. या आठवड्यात नग किती मिळतील, हे कोणीच सांगत नाही.