सी भाषेत दोन हेडर (इतर फाइलींत इनक्लूड, म्हणजे समाविष्ट, करायच्या घोषणांच्या फाइली) एकमेकांना इनक्लूड करतात आणि ‘अननोन टाइप नेम’ (टाइपचे नाव माहीत नाही) ही एरर येते. सामायिक टाइप कुठे ठेवावेत?

हेडरमध्ये इनक्लूड गार्ड असूनही एरर येते, कारण गार्ड फक्त तेच हेडर दुसऱ्यांदा वाचणे थांबवतो. चक्रामुळे दुसरे हेडर पहिल्यातला टाइप जाहीर होण्याआधीच वाचले जाते. दोन्हींना लागणारे टाइप तिसऱ्या छोट्या हेडरमध्ये काढा. त्या हेडरने या दोघांना कधीही इनक्लूड करू नये.

नुसता पॉइंटर लागत असेल तर इनक्लूडच नको, ‘स्ट्रक्ट नोड;’ एवढे फॉरवर्ड डिक्लरेशन (व्याख्येशिवाय फक्त नाव जाहीर करणे) पुरते. स्ट्रक्ट थेट सदस्य म्हणून ठेवायचा किंवा साइझऑफने त्याचा आकार काढायचा, तर मात्र पूर्ण व्याख्या हवीच. तोच टाइपडेफ (टाइपला दिलेले दुसरे नाव) दोनदा लिहिणे सी भाषेच्या सी११ मानकापासून चालते, आधीच्या सी९९ मध्ये नाही. एकाच जागी लिहिलेला बरा.

आणि प्रत्येक सोर्स फाइलमध्ये तिचे स्वतःचे हेडर सर्वांत आधी इनक्लूड करा. त्या हेडरमध्ये एखादे इनक्लूड लिहायचे राहिले असेल तर तिथेच उघड होते.