भोंग्यावरून काय सांगायचं?

प्रश्न : मी भामरागड तालुक्यात शिक्षिका आहे. जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून ग्रामपंचायतीनं भोंगा दिलाय, गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे. औषधी मच्छरदाण्या वाटून झाल्या, पण बऱ्याच घरांत त्या घडी करून ठेवलेल्या दिसतात. लोकांना नेमकं काय सांगू?

उत्तर : ताई, आधी माझीच फजिती ऐका. हिवताप विभागात नवा होतो. एटापल्लीकडच्या एका गावात आमची जीप ‘पाणी साचू देऊ नका’ असं ओरडत फिरली. सकाळचे अकरा, दिवस रोवणीचे. गावात एक म्हातारी आणि कोंबड्या. म्हातारीला तिथली माडिया बोलीच येत होती. मराठी कळतं तरी काय करणार होती? बांधीतलं पाणी सोडून धान कशात लावणार? ते वाक्य डेंग्यूचं, शहरातल्या टाक्या-टायरांचं. तुमच्याकडचा हिवतापाचा डास अ‍ॅनाफिलीस शेतात नि जंगलातल्या संथ ओढ्यांत वाढतो, आणि रात्री चावतो.

म्हणून आधी घडी का मोडत नाही ते विचारा. मी विचारलं तेव्हा बायका म्हणाल्या, नवी मच्छरदाणी अंगाला झोंबते, पोरं रडतात. खरंच होतं! पिशवीतून काढल्यावर ती दिवसभर सावलीत टांगायची, मग वापरायची. उन्हात वाळवायची नाही. वाटताना हे कुणी बोललंच नव्हतं, मीसुद्धा नाही. तुमचा भोंगा एवढंच सांगू दे. माडियात, बाईच्या आवाजात, संध्याकाळी जेवणाच्या वेळी. शेतावर मचाणीवर झोपणाऱ्यांनीही ती न्यायची, हे लगोलग जोडा.

दुसरं तापाचं. गडचिरोलीत हिवतापाच्या जंतूंपैकी फॅल्सिपेरम जास्त; तो मेंदूत गेला की हातात वेळ उरत नाही. पहिल्याच दिवशी आशाताईकडे जायचं, बोटाला टोचलं की किट पंधरा-वीस मिनिटांत सांगतं. फॅल्सिपेरमचा मुख्य डोस 3 दिवसांचा, पण व्हायवॅक्स हा दुसरा जंतू निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस. ताप उतरला की चौथ्या-पाचव्या दिवशी पुडी फळीवर जाते, आणि काही आठवड्यांनी तोच ताप परत. ज्याच्या घरी असं झालंय त्यालाच बोलू द्या.

ग्रुपवर मजकूर टाकू नका, आवाज टाका. रेंज नसलेल्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, तो मेमरी कार्डातून पोचतो. मुलींनी रेला या नाचगाण्यात दोन ओळी जोडल्या तर भोंगाही लागणार नाही.

आणि ध्वनिमुद्रण करताना त्या बाईच्या हातात कागद देऊ नका. वाचलेलं लगेच ओळखू येतं.