वाचकांचे प्रश्न : चुन्याची भिंत काळी कशी दिसेल?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका तालमीत पैलवानांची व्यक्तिचित्रे टिपतो. कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला एक फ्लॅश आणि त्याचा प्रकाश पसरवणारी पांढरी छत्री एवढेच साहित्य आहे. पार्श्वभूमी काळीभोर हवी असते, पण मागची चुन्याची भिंत राखाडी उमटते. काळा पडदा घ्यावा का?

उत्तर : पडद्याचा खर्च तूर्त राहू द्या, आधी पैलवानाला भिंतीपासून दूर आणा. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फ्लॅश पैलवानापासून २ मीटरवर आणि भिंत त्याच्या पाठीमागे अर्ध्या मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्यापेक्षा पाऊण स्टॉपहूनही कमी फरकाने प्रकाश पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). मग ती काळी होणार कशी? त्याऐवजी त्याला हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) अलीकडच्या काठावर असे उभे करा, की भिंत ५ मीटर मागे राहील, आणि फ्लॅश १ मीटरवर आणून त्याची शक्ती एक चतुर्थांश करा. आता भिंतीपर्यंत छत्तिसावा भाग, म्हणजे पाच स्टॉपहून थोडा अधिक कमी प्रकाश पोहोचतो.

तालमीतील ट्यूबलाइटचा बंदोबस्त शटरने होतो. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, छिद्र एफ/८ आणि शटर १/२०० सेकंद ठेवून फ्लॅश बंद असताना एक छायाचित्र घ्या. ते पूर्ण काळे आले पाहिजे. त्यानंतरच फ्लॅश सुरू करावा. शटर कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपलीकडे (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वाधिक शटरवेगापुढे) नेल्यास चौकटीत काळा पट्टा येतो, हे ध्यानात असू द्या.

खरी गुन्हेगार, माझ्या मते, तुमची छत्री आहे. ती प्रकाश चोहीकडे उधळते, आणि चुन्याच्या भिंती तो परत मागे फेकतात. प्रकाश पसरू न देणारी जाळी लावलेला लहान सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर बसवायची, प्रकाश मऊ करणारी पेटी) वापरा. तो मिळेपर्यंत फ्लॅश आणि भिंत यांच्यामध्ये जाड काळा पुठ्ठा आडवा धरला तरी पुष्कळ फरक पडेल.

प्रकाश समोरून न टाकता बाजूने, किंचित वरून टाका; कुस्तीने मोडलेला कान आणि खांद्याला चिकटलेली तांबडी माती त्याशिवाय उठून दिसत नाही. मात्र काळे केस काळ्या पार्श्वभूमीत बुडतात. त्यासाठी दुसऱ्या बाजूला, पैलवानाच्या थोडे मागे, चौकटीबाहेर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरायला एखाद्या पठ्ठ्याला सांगा. परतणाऱ्या प्रकाशाची बारीक कड केसांवर आणि खांद्यावर उमटेल.