जुन्या मस्टँगची अस्सलता इसार देण्यापूर्वी कशी पडताळावी?

प्रश्न : मुंबईच्या एका एजंटाने मला १९६७ सालची फोर्ड मस्टँग दाखवली आहे. ती ‘जीटी फास्टबॅक’ (म्हणजे मागे सलग उतरत्या छताची आणि कारखान्यातूनच जीटी हे खास पॅकेज घेतलेली) असून इंजिन ‘मॅचिंग नंबर’ (म्हणजे गाडीबरोबर आलेले मूळचेच) आहे, असे तो सांगतो. पुरावा म्हणून दारावरची पाटी दाखवतो. गाडी अस्सल आहे, की साध्या मस्टँगला जीटीचा साज चढवला आहे, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : केवळ दारावरच्या पाटीच्या भरवशावर आपण इसार देऊ नये. ती रिव्हेटने बसवलेली असते, नवी करून मिळते आणि दार दुसऱ्याच गाडीचेही असू शकते. खरा आधार पत्र्यावर ठोकलेल्या चेसी नंबरचा. बॉनेट उघडल्यावर डाव्या मडगार्डच्या आतील पत्र्याच्या वरच्या कडेला, मडगार्डला ठेवलेल्या खाचेत तो दिसतो. आरटीओच्या कामासाठी पेन्सिलने छाप घेतात तसा त्याचा छाप घ्यावा, आणि आजूबाजूला वेल्डिंगचा टाका, पुट्टी किंवा ग्राइंडरचे ओरखडे आहेत का, हे उन्हात नीट पाहावे. मुंबईच्या खाऱ्या हवेत हा पत्रा गंजून प्रामाणिकपणेही बदललेला असू शकतो. पण मग मूळ नंबर कोठे गेला, याचे उत्तर विक्रेत्याने दिलेच पाहिजे.

नंबरचा पहिला अंक ७ म्हणजे १९६७. पुढचे अक्षर कारखान्याचे : एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटुचेन. त्यानंतर ०२ असेल तरच गाडी मूळची फास्टबॅक. ०१ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची, पण मागे डिकी वेगळी दिसणारी), आणि हार्डटॉपचे छत बदलून फास्टबॅक केलेल्या गाड्या बाजारात असतात. त्यापुढील अक्षर इंजिनाचे. तेथे टी असेल तर इंजिन सहा सिलिंडरचे, आणि जीटी पॅकेज केवळ व्ही-८ इंजिनाबरोबरच मिळत असल्यामुळे एजंटाचा दावा तेथेच संपतो. मात्र ३९० घनइंची इंजिनाचे एस अक्षर असले, तरी तेवढ्याने जीटी सिद्ध होत नाही, कारण पॅकेजची नोंद या नंबरात नसते. ती १९६७ पासूनच्या फोर्डच्या उत्पादन-नोंदींवरून अमेरिकेतील मार्टी ऑटो वर्क्स जो अहवाल देते त्यात मिळते. तो चेसी नंबरवरून मागवता येतो. त्याचा खर्च वाचवू नये.

‘मॅचिंग नंबर’ हा दावा मला अधिक खटकतो. त्या वर्षी हाय-परफॉर्मन्स २८९ घनइंची इंजिन वगळता इंजिनावर गाडीचा नंबर ठोकतच नसत. ती पद्धत १९६८ पासूनची. आपल्याला फक्त ब्लॉकवरील ओतकामाची तारीख तपासता येईल. उदाहरणार्थ, ‘७सी१४’ म्हणजे १४ मार्च १९६७. ही तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेपूर्वीची हवी. नंतरची असेल तर इंजिन निश्चितच बदललेले आहे.

याचा संबंध आपल्या नोंदणीशीही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चेसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे छत बदललेली गाडी जळगावच्या आरटीओसमोर नेताना अडचण येऊ शकते. आरसी बुकावरील चेसी नंबर आपल्या छापाशी अक्षरशः जुळवून पाहावा, आणि दोन्ही बाजूंची मडगार्डे सोडवून त्यांखाली झाकलेल्या पत्र्यांवरील नंबरही दाखवण्यास विक्रेता तयार होईपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये.