गोधडीच्या आव्हानात चार ब्लॉक मागे पडलात? पडू द्या

दर महिन्याला एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला गोधडीचा एक चौकोन, असं गोधडीच्या ग्रुपचं आव्हान मीही दोन वर्षं धापा टाकत पुरं केलं. हाती काय आलं? चोवीस ब्लॉक आणि एकही गोधडी नाही. अजून पिशवीत पडून आहेत. त्यातले निम्मे रंग तर मला आवडतही नाहीत!

तेव्हा उगाच जीव जाळू नका. आवडीचं कापड घ्या, साधे चौकोन कापा, बाळापुरती छोटी गोधडी करा. घाई खरी नडते ती शिवणीच्या पाव इंचात, म्हणजे कडेपासून शिवणीपर्यंत सोडायच्या कापडात. शिवण इंचाचा सोळावा भाग जास्त आत गेली, तर दोन्हीकडचं कापड धरून आठवा भाग खाल्ला जातो. नऊ चौकोनांच्या ओळीत आठ शिवणी, म्हणजे ओळ चक्क एक इंच आखूड. मग कोपरे कसे जुळणार? आधी दोन तुकडे जोडा, इस्त्री करा, पट्टीने मोजा, मगच पुढे.

वरचं कापड, मधला थर आणि अस्तर यांना कच्चे टाके घालताना मात्र गाणी लावा, ते काम कंटाळवाणंच आहे. आणि रात्री दमून काही उसवायला बसू नका. सकाळी बघा, निम्म्या चुका इतक्या बारीक वाटतात की शोधाव्या लागतात.